टप आधी तपासा, इंजिन नंतर: नागपुरात जुनी दोन सीटची कन्व्हर्टिबल घेताना

नागपुरात टप उघडून गाडी चालवायचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. मार्चमध्ये सकाळचे दोन तास मिळतात, तेही आठच्या आत घरी परतणार असाल तर. पुढचा उन्हाळा नागपूरकराला सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती आणि पंचेचाळीसच्या आसपास तर नेहमीचंच. जूनच्या मध्यापासून पाऊस. म्हणजे ही गाडी वर्षातले चार महिने चालणार आणि आठ महिने उभी राहणार.

जुनी कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडता येणारी गाडी, निवडताना सगळं गणित इथून मांडायचं. उभ्या गाडीत रबर वाळतं, टपावरचं पाणी बाहेर काढणारे निचरे तुंबतात, बॅटरी बसते, टायर दगड होतात, उंदीर वायरिंग खातात. इंजिन त्या मानाने टिकतं. तरीही गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडतो आणि टप एकदा उघडून मिटवला की खूश होतो. हा क्रम उलटा हवा.

घरात पहिला प्रश्न येईल, "अन् मांगं कोण बसन?" उत्तर प्रामाणिकपणे द्या: कोणीच नाही. घरात रोजची दुसरी गाडी आणि झाकलेलं पार्किंग नसेल तर हा विचार इथेच थांबवलेला बरा. उघड्यावर, कडुलिंबाखाली ही गाडी दोन उन्हाळ्यांत म्हातारी होते.

काय मिळतं, काय मिळत नाही

इंटरनेटवर वाचून आलेला प्रत्येक जण आधी माझदा एमएक्स-५ शोधतो. १९८९ पासून जगभर गाजलेली ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. परदेशातून जुनी आणू म्हणाल, तर नियमाप्रमाणे ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, उजव्या हाताची असावी, आणि वर सीमाशुल्क इतकं की स्वस्तात मौज हा मुद्दाच उरत नाही. तो नाद सोडा. आपल्याकडे गोव्यात बनलेली फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म होती, साधारण १.२ लिटरच्या रेनॉ इंजिनाची. ती अधूनमधून विकायला निघते. गंमतशीर आहे, पण पार्ट शोधणं हाच छंद असेल तरच घ्यावी.

खऱ्या अर्थाने बाजारात तीन घराणी आहेत: बीएमडब्ल्यू झेड४, मर्सिडीज एसएलके आणि पोर्शे बॉक्सस्टर.

झेड४ ची पहिली पिढी, ई८५ (२००२ ते २००८), कापडी टपाची. भारतात फार थोड्या आल्या. तिचा नामी दोष असा की टपाची हायड्रॉलिक मोटर मागच्या बिजागरीजवळच्या खोबणीत बसवलेली आहे. त्या खोबणीचा निचरा पाल्याने तुंबला की मोटर पाण्यात बुडते आणि टप जागीच राहतो. दुसरी पिढी, ई८९ (२००९ ते २०१६), दुमडणाऱ्या धातूच्या टपाची. बंद केली की पक्क्या छताची कूपे वाटते. तिसरी, जी२९, आपल्याकडे २०१९ मध्ये ६४.९० लाखांपासून सुरू झाली. तिचा टप पुन्हा कापडी, १० सेकंदांत उघडतो आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही.

एसएलकेचा टप पहिल्या पिढीपासून धातूचाच. आर१७१ (२००४ ते २०११) आणि आर१७२ (२०११ पासून, २०१६ मध्ये हिचंच नाव एसएलसी झालं) या दोन पिढ्या मिळतात. हिच्यात एअरस्कार्फ नावाची सोय असते, डोक्याच्या उशीतून मानेवर गरम हवा सोडणारी. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेलेला असताना पहाटे रामटेकला निघालात की तिची किंमत कळते.

बॉक्सस्टर चालवायला या तिघींत सर्वांत मजेची, यात मला शंका नाही. इंजिन सीटच्या मागे असल्याने वळणावर ती जशी वळते तशी बाकीच्या दोघी वळत नाहीत. पण २००८ पर्यंतच्या इंजिनांत मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ज्याला मेकॅनिक आयएमएस म्हणतात, ते अचानक गेलं की अख्खं इंजिन जातं. २००९ पासूनच्या नव्या रचनेच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही. त्यामुळे बॉक्सस्टर घ्यायची तर या नव्या इंजिनाचीच. शिवाय इंजिन वरून दिसतच नाही. तेलगळती बघायलाही गाडी रॅम्पवर चढवावी लागते. जवळ पोर्शेवर हात बसलेला मेकॅनिक नसेल तर हौस महागात पडते.

नागपूरसाठी माझं मत धातूच्या टपाच्या बाजूने आहे: ई८९ झेड४ किंवा आर१७२ एसएलके. कापडी टप हलका आणि साधा असतो हे खरं. पण इथलं ऊन, इथली धूळ आणि बॉनेटवरून टपावर झोपायला जाणारी मांजरं यांच्यापुढे कापड लवकर हरतं. धातूच्या टपाचा तोटा डिकीत दिसतो. ई८९ ची ३१० लिटरची डिकी टप उघडला की १८० लिटरची होते, आर१७२ ची ३३५ वरून २२५. पेंचला एका मुक्कामासाठी जायचं तर दोन मऊ बॅगा. चाकांची सूटकेस नाही.

एमजीची विजेवर चालणारी सायबरस्टर २०२५ मध्ये ७४.९९ लाखांना आली आहे. जुन्या बाजारात तिचा भाव अजून ठरायचाय, म्हणून ती बाजूला ठेवतो.

पैसे दोन खिशांत

हातात जी रक्कम आहे तिचे चार भाग करा. तीन भागांत गाडी, चौथा भाग पहिल्या वर्षासाठी बँकेत. हा चौथा भाग खर्च होतोच. चार टायर, बॅटरी, सगळी तेलं, ब्रेक, एखादा सेन्सर, टपाची रबरं. झेड४ ला कारखान्यातून बहुधा रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, टायर येतात आणि स्टेपनी नसते. चार टायरांचा हिशेब लाखाच्या आसपास धरून चला. ज्याला चौथा भाग बाजूला काढणं जमत नाही त्याचं एक पिढी जुनी गाडी घेऊनही भागत नाही, कारण जुनी पिढी खर्चाला स्वस्त नसते, फक्त विकत घ्यायला स्वस्त असते.

कागद बघितल्याशिवाय तिकीट काढू नका

नागपुरात अशी गाडी विकायला क्वचित येते. शोध मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरू, दिल्ली असा फिरतो. म्हणून प्रवासाआधी आरसीचा आणि विम्याचा फोटो मागवा. देणारा टाळाटाळ करत असेल तर पुढची गाडी बघा.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी एवढं दिसतं. बोजा दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवाच. "कर्ज केव्हाच फिटलंय" हे तोंडी चालत नाही. थकलेली ई-चलनं वेगळी बघा. अशा गाड्यांची चलनं मजेदार असतात: तारीख, वेळ आणि वेग वाचून आधीचा मालक ती कशी हाकत होता ते कळतं.

यातल्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या नावावर असतात. तसं असेल तर विक्रीचा ठराव, कंपनीचं पत्र, अधिकृत सही करणारा माणूस, हे सगळं सौद्याआधी. गाडी भारतातल्या शोरूममधून घेतलेली असेल तर मूळ बिल मागा. कोणी खासगीरीत्या आयात केलेली असेल तर सीमाशुल्क भरल्याचे कागद, म्हणजे बिल ऑफ एन्ट्री, असल्याशिवाय तिला हातही लावू नका.

आता नंबरप्लेटचा मुद्दा, जो लोक शेवटी बघतात आणि मग डोक्याला हात लावतात. एमएच नंबरची गाडी मुंबईहून नागपूरला आणली तर फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलतं, रस्ताकर पुन्हा भरावा लागत नाही. दिल्ली किंवा कर्नाटकातली आणली तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथे नव्या नंबरासाठी फॉर्म २७, आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर. या तिन्ही गाड्या पूर्ण बनून बाहेरून येतात, आणि आयात गाडीला आपल्याकडे कराचा दर चढा आहे. जुन्या राज्यातला परतावा मिळवायला वेगळी खेटरं झिजवावी लागतात. त्यामुळे दिल्लीची गाडी चार लाखांनी स्वस्त दिसली तरी आधी करावर आकडेमोड करा. राजधानी परिसरात पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्याने तिथून बारा-तेरा वर्षांच्या गाड्या धडाधड बाहेर पडतात, हे त्या स्वस्ताईचं एक कारण.

पंधरा वर्षांचा आकडा आपल्यालाही लागू आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२२ पासून आयात चारचाकीला त्याचं शुल्क ४०,००० रुपये आहे, आणि २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांपुढच्या आयात चारचाकीला ८०,०००. त्यात पर्यावरण कर वेगळा. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेत असाल तर हा खर्च आत्ताच भावातून वजा मागा. नाव कुठेही लागलं, शहरात एमएच-३१, पूर्वेत एमएच-४९ की ग्रामीणमध्ये एमएच-४०, नियम तेच.

पाण्यातून निघालेली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि तळघरातल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. अशा गाड्या भंगारात जातातच असं नाही. चेन्नई २०१५, बंगळुरू २०२२, प्रत्येक पुरानंतर काही गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून दूरच्या शहरात विकल्या जातात. कन्व्हर्टिबलमध्ये तर पूर लागत नाही. तुंबलेला निचरा तेवढंच काम सावकाश करतो.

माझ्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, धंतोलीतले, विशेष न बोलणारे. गाडी दाखवायला नेली की त्यांचं ठरलेलं वाक्य: "भाऊ, इंजिन मंग पाहू, पयले गालिचा उचला." ते सीट पूर्ण पुढे घेतात, मागचा गालिचा कोपऱ्यातून सोडवतात आणि खालच्या फोमवर तळहात दाबून ठेवतात. वरून कोरडा असलेला गालिचा खालून ओला निघतो तो असा. मग सीटच्या रुळांचे बोल्ट बघतात. गंज तिथे आधी दिसतो, कारण ते बोल्ट कोणी पॉलिश करत नाही. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढतात; पाण्याची रेघ आत गुंडाळलेल्या भागावर उमटलेली असते. सगळ्यात शेवटी डिकीतलं अस्तर. हे सगळं तुम्ही स्वतः करू शकता, आणि करताना विकणाऱ्याचा चेहरा बघत राहा.

टप: इथे घाई नको

गाडी थंड असताना एकदा आणि तासभर चालवून आल्यावर एकदा, असा टप दोन्ही वेळा उघडून मिटवा. गरम झालेलं जुनं हायड्रॉलिक तेल पातळ होतं, आणि कमजोर पंप तेव्हाच रडतो. इंजिन सुरू ठेवूनच करा, नाहीतर बॅटरीची कुरकुर टपाच्या नावावर जाईल. ई८९ ला सुमारे वीस सेकंद लागतात. मधेच थांबला, एक बाजू आधी आणि दुसरी नंतर आली, किंवा शेवटी मुठीने दाबून लॉक करावं लागलं, तर तो "फक्त सेन्सर" नाही असं समजा. कान द्या: पंपाची एकसारखी गुणगुण चालते, खडखड किंवा टकटक नाही. डिकीच्या अस्तरावर, बिजागरीखाली तेलकट डाग दिसला तर सिलिंडर गळतोय.

आणि टप मुळीच हलला नाही तर नाराज होण्याआधी डिकीतला सामानाचा पडदा बघा. एसएलके आणि ई८९ मध्ये तो खाली ओढून अडकवल्याशिवाय टप हलतच नाही. बिघाड समजून लोक चांगली गाडी सोडून येतात.

मग पाणी. टप बंद करून बागेच्या पाइपने, साध्या धारेने, पुढच्या काचेच्या कडेपासून मागपर्यंत दहा मिनिटं पाणी सोडा. आत एक माणूस बसवा. प्रेशर वॉशर नको. त्याने चांगलं रबरही हरतं आणि विकणाऱ्याला भांडायला कारण मिळतं. पाणी आत येतं का, हे तर बघायचंच, पण बाहेर कुठून पडतं हे जास्त महत्त्वाचं: मागच्या चाकांच्या आसपास दोन्ही बाजूंना निचऱ्याचं पाणी पडताना दिसलं पाहिजे. एकाच बाजूला पडत असेल तर दुसरी बाजू तुंबली आहे. बॉक्सस्टरमध्ये हे पाणी सीटखालच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं आणि मग गाडी स्वतःची चावीही ओळखत नाही.

रबराच्या पट्ट्यांवरून बोट फिरवा. काळी पूड बोटाला लागली किंवा टोकांना भेगा असतील तर संच बदलावा लागणार. कापडी टप असेल तर मागच्या काचेची शिवण आणि घडीच्या जागा उजेडात धरा.

इंजिन, गिअर, सांगाडा

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली" हे ऐकलं तर चहा घ्या, तासभर थांबा. ई८९ च्या ३५आय मॉडेलमध्ये एन५४ टर्बो इंजिन आहे. हाय प्रेशर फ्युएल पंप आणि इंजेक्टर ही त्याची दुखणी. ते बदलल्याची बिलं असतील तर उत्तम. ई८९ च्याच चार सिलिंडरच्या एन२० इंजिनात टायमिंग चेनचे प्लास्टिकचे गाइड झिजतात. एसएलकेच्या कॉम्प्रेसर इंजिनातही सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू आली तर चेन ताणली आहे. कूलंटची प्लास्टिकची भांडी नागपूरच्या उन्हात ठिसूळ होतात, ती बदलायचीच आहेत असं धरा. ओबीडी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडांचे जुने कोड वाचून घ्या. सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले तर का पुसले ते विचारा.

पेट्रोलचा एक नवा मुद्दा आहे. पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, आणि २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुनी रबरी नळी खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या इंधननळ्या हाताने दाबून, वास घेऊन तपासा.

चालवून बघताना वेग नको, वाईट रस्ता हवा. टप उघडा ठेवून पेव्हर ब्लॉकवरून किंवा सिमेंट रोडच्या सांध्यांवरून वीस-तीसच्या वेगाने न्या. स्टिअरिंग आणि आरसा थोडे थरथरणं कन्व्हर्टिबलला माफ आहे. पण दारं चौकटीत खडखडली, किंवा एका दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर सांगाड्याला मार बसलेला असतो. छत नसलेल्या गाडीत सगळी ताकद तळात असते. वाकलेला तळ कोणी सरळ करून देत नाही.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी असली तरी सहा वर्षांचा टायर मौजेच्या गाडीला चालत नाही. "फक्त अकरा हजार किलोमीटर" या वाक्यावर भाळू नका. बारा वर्षांत अकरा हजार चाललेल्या गाडीपेक्षा दर वर्षी चार-पाच हजार चाललेली, दर वर्षी तेल बदललेली पंचावन्न हजार किलोमीटरची गाडी मी डोळे मिटून घेईन. भाव मात्र विकणारे उलटे सांगतात, आणि त्यातच आपला फायदा आहे.

शेवटी बसून बघा, दोघांनी. उंच माणसाचं डोकं बंद टपाला लागतं का, जोडीदाराला गुडघ्याचं दुखणं असेल तर इतक्या खालच्या सीटवरून उठता येतं का, हे शोरूमच्या फोटोंत कळत नाही.

नागपूरला आणणं आणि पहिले आठ महिने

मुंबईहून स्वतः चालवत आणायचा मोह होतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आता पूर्ण खुला, कारला १२० ची मर्यादा. अनोळखी जुन्या गाडीचे जुने टायर तापल्या काँक्रीटवर इतका वेळ पळवू नका. बंद ट्रेलरवर मागवा, नवे टायर इथे घाला. समृद्धी उघड्या गाडीला तशीही कंटाळवाणी आहे. हिचा रस्ता म्हणजे छिंदवाड्याच्या वाटेवर, सौसरच्या पुढचा सिल्लेवानी घाट.

विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. गल्लीतला सिमेंट रोड उंच आणि घराचं गेट खाली असेल, जे नागपुरात आता घरोघरी आहे, तर गाडी यायच्या आधी उतार मोजा. या गाड्या जमिनीपासून जेमतेम ११ ते १३ सेंटीमीटर उंच असतात. पुढचा बंपर पहिल्याच दिवशी घासतो. दोन लाकडी फळ्यांचा लांब उतार हा सर्वांत स्वस्त उपाय.

एप्रिल आला की टाकी भरलेली ठेवा, बॅटरीला ती चार्ज ठेवणारा मेंटेनर जोडा, टायरांत नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त हवा भरा. आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या. प्लास्टिकचं कव्हर नको, सुती हवं. पंधरा दिवसांतून एकदा गाडी काढून अर्धा तास नीट गरम होईपर्यंत चालवायची; पार्किंगमध्ये दोन मिनिटं सुरू करून बंद करण्याने नुकसानच होतं. महिन्यातून एकदा टप पूर्ण उघडून मिटवा, रबरांना सिलिकॉनचं वंगण लावा. पावसाळ्याआधी निचऱ्याच्या भोकांतून गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी फिरवा. लोखंडी तारेने आतली नळी फाटते. उंदरांसाठी इंजिनापाशी जाळी आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघणं, याहून खात्रीचं मला काही सापडलेलं नाही. सर्व्हिस ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच करून घ्या. दिवाळीत पार्ट यायला वेळ लागतो आणि पहिले गार रविवार वर्कशॉपमध्येच जातात.